पणजीला शोधायला पणजीला

आजच्या भागात दोन पणज्या आहेत. एक माझ्या आजीची आई आणि दुसरी गोव्याची राजधानी. पहिलीला शोधायला मी दुसरीला गेले. बोलता बोलता घोळ झालाच तर संदर्भाने समजून घ्या.

आधी एक छोटा प्रश्न. तुमच्या आजीच्या आईचं माहेरचं नाव काय? पटकन सांगा. गूगल नको, आईला फोन नको. येत नाही ना? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांना आलं. आपल्याकडे वंशावळ म्हणजे झाड, आणि झाडाला फांद्या फक्त मुलग्यांच्या. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. तुम्ही गाव आणि आडनाव सांगितलं की ते खापरपणजोबांपर्यंत जाऊन पोचतात. कमाल गोष्ट आहे ती. पण त्या वहीत कुळातल्या मुली क्वचितच सापडतात. मुलगी लग्न होऊन गेली, विषय संपला.

माझी पणजी तर दोन्हीकडून सुटलेली. ती बार्देशातल्या एका गावची ख्रिस्ती मुलगी. १९२० च्या दशकाच्या शेवटी कामाला मुंबईला आली, गिरगावातल्या एका मराठी माणसाशी लग्न केलं, नाव बदललं, आणि पुढची चाळीसेक वर्षं चाळीत अस्खलित मराठीत भांडली. माहेरी परत गेली नाही. तिच्याबद्दल घरात उरलं ते एवढंच: तिचं बाप्तिस्म्याचं नाव, गावाचं नाव, आणि एक गोष्ट. गोष्ट अशी की तिचे वडील बोटीवर होते आणि ती पोटात असतानाच समुद्रात गेले. माझी आजी आता ८६ वर्षांची आहे. ही गोष्ट ती लहानपणापासून सांगत आलीय, आणि दरवेळी शेवटी म्हणते, "त्यांचं नाव तेवढं आईनं कधी सांगितलं नाही."

तर हे नाव शोधायचं होतं. आणि ते सापडायची शक्यता एकाच प्रकारच्या कागदात होती: चर्चची नोंदवही.

आता ही नोंदवही आली कुठून, ते कळलं नाही तर ती वाचता येत नाही, म्हणून दोन मिनिटं युरोपात जाऊ. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चची एक लांबलचक परिषद झाली, ट्रेंट नावाच्या गावात. १५४५ ला सुरू, १५६३ ला संपली. शेवटच्या वर्षी तिथे लग्नाबद्दल एक ठराव झाला. तोपर्यंत अडचण अशी होती की मुलगा-मुलगी एकमेकांना चोरून "हो" म्हणाले तरी चर्चच्या लेखी लग्न लागलेलं असायचं. मग तो मुलगा दुसऱ्या गावात जाऊन दुसरीला "हो" म्हणायचा, आणि पहिलीकडे पुरावा शून्य. ट्रेंटने सांगितलं, इथून पुढे लग्न पाद्रीसमोर आणि दोन-तीन साक्षीदारांसमोरच. त्याआधी तीन सणवारी किंवा रविवारी चर्चमध्ये जाहीर वाचन करायचं, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. आणि पाद्रीने एक वही ठेवायची, तिच्यात नवरा-नवरी, साक्षीदार, तारीख आणि जागा लिहायची. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममाता कोण झाले तेही लिहायचं. १६१४ मध्ये रोमहून विधींचं एक अधिकृत पुस्तक निघालं, त्यात या वह्या कशा लिहायच्या याचे नमुनेच दिले. मृत्यूची वहीसुद्धा त्यात आली.

धर्मपिता कशाला लिहायचा? कारण तेव्हाच्या नियमाने धर्मपिता आणि मूल यांच्यात नातं तयार व्हायचं, आणि त्या नात्यात लग्न निषिद्ध. रक्ताच्या नात्यातही चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे खापरपणजोबा एक असलेल्या चुलत-मावस भावंडांपर्यंत, लग्नाला बंदी होती. म्हणजे बघा, ही वही काही तुमच्या-माझ्यासाठी, पूर्वजांच्या आठवणी जपायला लिहिलेली नाही. ती पाळतीची वही आहे. कोण कुणाचा, कोणाचं कोणाशी लग्न होऊ शकतं, कोण चर्चच्या आत आणि कोण बाहेर. गंमत अशी की पाळत ठेवायची तर कुणालाच सोडून चालत नाही. त्यामुळे वंशावळीने ज्यांना गाळलं, ते सगळे या वहीत हजर असतात. मुली असतात. विधवा असतात. बाळ जगेल असं वाटलं नाही म्हणून घाईघाईने घरीच बाप्तिस्मा देणारी सुईण असते, कारण अडचणीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आणि मग तो कुणी दिला हे लिहावं लागतं. गुलामसुद्धा असतात. हो, गोव्यात गुलाम होते, त्यांत आफ्रिकेतून आणलेलेही होते. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामी कायद्याने संपली ती १८६९ साली. त्यांच्या नोंदीत बापाच्या नावाऐवजी मालकाचं नाव येतं, "अमक्याचा एश्क्रावो" म्हणून. पण नोंद असते.

आता गोव्यात येऊ. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने तिसवाडी घेतली. बार्देश आणि साष्टी १५४३ पासून पोर्तुगीजांकडे. मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झालं ते त्यानंतरच्या काही दशकांत, साष्टीत जेझुइटांकडून आणि बार्देशात फ्रान्सिस्कनांकडून. यातली जबरदस्ती किती, जमिनीचं आणि गावकीतल्या हक्काचं आमिष किती, यावर एक स्वतंत्र भाग करायचा आहे, आज शिरत नाही. आज एवढंच लक्षात घ्या: गावोगावी चर्च झालं आणि चर्चबरोबर वही आली.

कॉमेंटमध्ये मला नेहमी एक प्रश्न येतो. "ताई, आमचं बाटण्यापूर्वीचं मूळ आडनाव या वह्यांत मिळेल का?" स्पष्ट सांगते, बहुतेकांना नाही मिळणार. एक तर वाळवी, कोकणची दमट हवा आणि शाई यांनी जुन्या वह्या खाल्ल्या. शाई कशी खाते? मायफळ आणि लोहाचा क्षार यांपासून केलेली ती काळी शाई आम्लधर्मी असते, हळूहळू कागद जाळते. काही पानांवर अक्षर उरत नाही, अक्षराच्या आकाराचं भोक उरतं. त्यामुळे आज हाताशी असलेल्या वह्या बहुतेक गावांत धर्मांतराच्या पहिल्या लाटेनंतर बऱ्याच उशिराच्या असतात. तोपर्यंत सगळे फर्नांडिस आणि डिसोझा झालेले. आणि ही आडनावंही घराण्याची नव्हेत. ज्याने धर्मपिता व्हायचं किंवा ज्या पाद्रीने पाणी शिंपडायचं त्याचं आडनाव लागायचं. एका घरातल्या दोन भावांची वेगळी आडनावं आणि काहीही संबंध नसलेल्या दोन घरांचं एकच, असं सहज व्हायचं. तेव्हा पैसे घेऊन "तुमचं मूळ ब्राह्मण आडनाव शोधून देतो" म्हणणारा कुणी भेटला, तर वहीचं पान दाखव म्हणा. मूळ घराण्याचा धागा सापडायचा तर तो गावकीत सापडतो, ज्याला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं. तिथे गावकऱ्यांचे वांगड, म्हणजे मूळ कुळं, धर्म बदलल्यावरही तसेच मोजले जात राहिले. कुंकळ्ळीला सांत्रेओच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या आजही निघतात, आणि त्यात ख्रिस्ती घरंही आपला वांगड ओळखून असतात.

बरं, वह्या बघायच्या कुठे? १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, आणि त्या सरकारने १९११ मध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद पाद्रीच्या हातून काढून सरकारकडे घेतली. पुढच्या काही वर्षांत तीच व्यवस्था गोव्यात आली. त्यामुळे त्याआधीच्या चर्चच्या वह्या मोठ्या संख्येने पणजीच्या सरकारी पुराभिलेखागारात आहेत. हे पुराभिलेखागार साधंसुधं नाही. १५९५ साली सुरू झालं, पहिला प्रमुख दियोगो दो कौतो नावाचा इतिहासकार. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक त्याला वेगळ्याच कारणाने ओळखतात. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी हयात तिथे घालवली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांची कागदपत्रं उजेडात आणली. शिवाजी महाराजांबद्दलची पत्रं ज्या संग्रहात आहेत, त्याच संग्रहात बार्देशातल्या एखाद्या मुंडकाराच्या पोरीचा बाप्तिस्मा आहे. मला हे फार आवडतं.

वाचनकक्षात पेन नाही, पेन्सिल. गाव सांगायचं, वर्षं सांगायची, वही येते. मी १९०५ ते १९१०च्या बाप्तिस्म्यांपासून सुरुवात केली, कारण पणजीचं वय घरात अंदाजानेच माहीत होतं.

पहिला दिवस नुसता अक्षर लावण्यात जातो. पोर्तुगीज न येणाऱ्यांनी घाबरू नका, नोंदीचा साचा ठरलेला असतो. एक नोंद नीट लागली की बाकीच्यांत फक्त नावं बदलतात. तारीख बऱ्याचदा अक्षरात. "फिल्यो लेजितिमो" म्हणजे औरस मुलगा, "फिल्या" मुलगी. मग आईबाप, मग दोन्हीकडचे आजी-आजोबा, मग पाद्रीन आणि माद्रीन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता. खरी गंमत जुन्या वह्यांतल्या संक्षेपांची. सातचा आकडा आणि पुढे "ब्रो" दिसलं तर जुलै समजू नका, तो सप्टेंबर आहे, कारण लॅटिनमध्ये सेप्तेम म्हणजे सात. आठ आणि ब्रो, ऑक्टोबर. रोमन दहाचा फुलीसारखा आकडा आणि ब्रो, डिसेंबर. आडनावांचंही तसंच. "रॉइझ" असं काही दिसलं तर ते रॉड्रिग्ज. फर्नांडिसचे तर दोन-तीन अक्षरांत तुकडे पडतात.

आणि नुसत्या नावावर कधीच विसंबू नका. एका गावात एकाच वेळी डझनावारी मारिया असतात. नाव, आईबापाचं नाव आणि वाडा, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय ती आपली माणसं नव्हेत. माझं नशीब की पणजीचं बाप्तिस्म्याचं नाव जरा कमी वापरातलं होतं आणि आजीला आपल्या आजीचं, म्हणजे पणजीच्या आईचं नाव ठाऊक होतं. वाडाही.

तिसऱ्या दिवशी नोंद मिळाली. १९०८. मुलीचं नाव बरोबर, आईचं नाव बरोबर, वाडा बरोबर. आईच्या पुढे "सोल्तेयरा", म्हणजे अविवाहित. "लेजितिमा" या शब्दाच्या जागी "नातुराल". आणि बापाच्या जागी दोन शब्द: "पाय इंकॉग्नितो". बाप अज्ञात.

हे दोन शब्द वहीत काही फार दुर्मीळ नाहीत. तीन दिवसांत मी ते बऱ्याच पानांवर वाचले होते आणि पुढे गेले होते. या पानावर जरा थांबले.

पाद्रीनच्या नावापुढे त्याचा व्यवसाय लिहिला होता: "प्रोप्रिएतारियो". जमीनदार. गोव्याच्या भाषेत भाटकार. आता तुमच्या डोक्यात जी गोष्ट तयार झाली तीच माझ्याही डोक्यात झाली. गरीब अविवाहित बाई, अज्ञात बाप, आणि मुलीचा धर्मपिता गावचा भाटकार. वेब सिरीजचा पहिला सीझन इथेच लिहून होतो. पण कागद असं काही म्हणत नाही. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारं कुळ, आणि मुंडकाराच्या पोराला भाटकाराने किंवा त्याच्या घरच्यांनी पाद्रीन-माद्रीन होणं ही अगदी नेहमीची गोष्ट. शिवाय चर्चच्या नियमाप्रमाणे बाप स्वतःच्या मुलाचा धर्मपिता होऊच शकत नाही. नियम मोडला जात नसेल असं माझं म्हणणं नाही. पण कुणा माणसाच्या नावावर, तो मेल्यावर शंभर वर्षांनी, पुराव्याशिवाय मूल चढवायचं हे मला पटत नाही. त्याचेही वंशज त्या गावात राहत असतील. म्हणून या भागात गावाचं नावही नाही आणि माणसांचीही नाहीत.

मग बोटीवरच्या बापाचं काय? इथे बहुतेक लोक वही मिटतात. "घरच्यांनी लाज झाकायला गोष्ट रचली" म्हणतात आणि परत जातात. मी लग्नाच्या वह्या मागवल्या. कारण आई १९०८ ला अविवाहित होती, पुढेही राहिली असेलच असं नाही. १९०९, १९१०, १९११, काही नाही. १९१२ मध्ये ती सापडली. तेच नाव, तेच आईबाप, तोच वाडा. नवरा शेजारच्या गावचा, त्यामुळे जाहीर वाचन दोन्ही चर्चमध्ये झाल्याचा उल्लेख. आणि त्याचा धंदा: "मारितिमो". दर्यावर्दी. गोव्यात ज्याला तारवटी म्हणतात तो. पूर्ण नाव, वय, त्याच्या आईबापाची नावं, सगळं स्वच्छ अक्षरात.

मग मी परत १९०८ च्या पानावर गेले, समासात बघायला. हा भाग नीट ऐका, कुणाला तरी उपयोगी पडेल. आईबापाचं नंतर एकमेकांशी लग्न झालं आणि बापाने मूल आपलं म्हटलं, तर ते मूल औरस ठरायचं, आणि तशी टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लिहिली जायची. मजकुराइतकाच समास महत्त्वाचा. माझ्या पणजीच्या नोंदीचा समास कोरा आहे. म्हणजे तारवट्याने कागदावर तरी तिला स्वतःची म्हटलं नाही. तो बहुधा सावत्र बाप. ती चार वर्षांची असताना घरात आलेला.

तो समुद्रात गेला का? त्या गावच्या मृत्यूच्या वहीत १९१२ नंतर त्याचं नाव नाही. बोटीवर मेलेल्या माणसाचं असायला हवं असंही नाही, कारण ती वही मुख्यतः तिथे पुरलेल्यांची. घरची गोष्ट बहुधा अशी झाली असावी की तो कधीतरी गेला आणि परत आला नाही, आणि सांगता सांगता "ती चार-पाच वर्षांची असताना"चं "ती पोटात असताना" झालं. हा माझा अंदाज आहे, वही एवढं सांगत नाही.

आता प्रश्न आजीला सांगायचं की नाही. आमच्याकडे यावरून आठवडाभर वाद झाला. आईचं म्हणणं, ८६ वर्षांच्या बाईला हे कशाला. मामाचं म्हणणं त्याहून पुढचं, हे पॉडकास्टवर तर मुळीच नको. मला त्यांचं चुकीचं वाटत नव्हतं. पण आजीने आयुष्यभर एक नाव विचारलं होतं, आणि ते माझ्या वहीत पेन्सिलने लिहिलेलं होतं. ते द्यायचं तर बाकीचंही द्यावं लागणार. अर्धं सांगितलं असतं तर तीही एक रचलेलीच गोष्ट झाली असती.

मी तिला दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या, मराठी करून. "अज्ञात" हा शब्द ऐकून तिने मान हलवली, बोलली काही नाही. लग्नाची नोंद सुरू केली तेव्हा मला मध्येच थांबवून म्हणाली, "त्याचं नाव आधी सांग." मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "आणि त्याच्या आईचं?" तेही होतं. मग तिने ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मागितलं. पॉडकास्टला परवानगी तिनेच दिली, नावं न घेण्याच्या अटीवर. मामा अजून थोडा नाराज आहे.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा, पुरुषांपासून नको. वाड्याचं नाव, बाप्तिस्म्याचं नाव, कुणाच्या लग्नाला कुठल्या गावी गेलो होतो, हे बायकांना आठवतं. गावाचं पोर्तुगीज स्पेलिंग शोधून ठेवा. शिवोलीचं सियोलिम, हळदोण्याचं आल्दोना, कळंगुटचं कालांगुते. त्याशिवाय कुठलाही कॅटलॉग बोलत नाही. मॉर्मन चर्चची फॅमिलीसर्च नावाची मोफत वेबसाइट आहे. पूर्वजांच्या मृत्यूनंतर त्यांच्यासाठी बाप्तिस्मा करण्याची त्यांच्यात प्रथा आहे, म्हणून ते जगभरच्या नोंदवह्यांच्या फिल्म काढत आलेत. पणजीची तिकिटं काढण्याआधी तिथल्या कॅटलॉगमध्ये तुमचं गाव घालून बघा. आणि लग्नाच्या नोंदीत "दिस्पेन्सा" हा शब्द दिसला तर उडी मारा. नात्यातल्या लग्नाला घेतलेली ती खास परवानगी, आणि ती मागताना नातं कसं लागतं ते पिढ्यांसकट लिहून द्यावं लागायचं. म्हणजे पाद्रीने तुमच्यासाठी झाड काढून ठेवलेलं.

वाचनकक्षात तुमच्या शेजारी बसलेले लोक बहुतेक वेगळ्या कामाला आलेले असतील हेही सांगून ठेवते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या काही पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, त्यासाठी आजोबांचा जन्म सिद्ध करावा लागतो. एका मुलाने मला विचारलं, "तुमची फाइल लंडनची की लिस्बनची?" मी म्हटलं, गिरगावची.

माझं पुढचं काम आता मुंबईतच आहे. गोव्याहून येणारे तारवटी बोट मिळेपर्यंत धोबीतलावच्या कुडांमध्ये राहायचे. कूड म्हणजे एकेका गावाची खोली, ट्रंका भिंतीला लावलेल्या, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. काही कूड अजून चालू आहेत. नवऱ्याचं गाव आता मला माहीत आहे, तेव्हा त्या गावाचा कूड शोधायचा आणि जुनी सभासदांची यादी शिल्लक आहे का ते विचारायचं. मुंबईच्या चर्चच्या वह्यांत एक वेगळाच गुंता आहे. १९२८ पर्यंत शहरात दोन कॅथलिक सत्ता होत्या, काही चर्चं पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या व्यवस्थेची, पाद्रोआदोची, आणि काही थेट रोमची. त्यामुळे माणूस घराशेजारच्या चर्चमध्ये न सापडता दोन मैल लांबच्या चर्चमध्ये सापडू शकतो. मी यादी करून ठेवलीय. रविवारी धोबीतलावला जातेय, आजीने तो मोठ्या अक्षरातला कागद बरोबर ने म्हणून सांगितलंय.